टाउपो सरोवरातला मोठा ट्राउट

सुट्टीत हिडकल धरणावर गळ टाकून आलेली मुले सोमवारी वर्गात एकच तक्रार करतात : "बोटाएवढे मासे लागतात, मोठा काही लागत नाही." कणकेचा गोळा लावून झाला, गांडूळ लावून झाले, तरी तेच. ही तक्रार बेळगावच्या मुलांचीच आहे असे नाही. न्यूझीलंडमधल्या टाउपो सरोवरावर लोक शंभर वर्षांहून अधिक काळ याच प्रश्नामागे लागले आहेत, म्हणून या अंकात आम्ही तिथली हकिगत सांगत आहोत.

टाउपो हे ज्वालामुखीच्या स्फोटाने पडलेल्या खळग्यात साचलेले सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी १८६ मीटर पाणी. म्हणजे दोन कुतुबमिनार एकावर एक उभे केले तरी बुडतील! एवढ्या पाण्यात मासा शोधायचा कुठे?

त्यासाठी आधी तो खातो काय, हे पाहावे लागते. ट्राउट हा तिथला मूळचा मासा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी जातीचे ट्राउट तिथे सोडले गेले. त्यांतला रेनबो ट्राउट मूळचा कॅलिफोर्नियाचा. सरोवरात कोआरो नावाचे छोटे देशी मासे मुबलक होते. ते खाऊन ट्राउट असे फोफावले की १९१० च्या सुमारास दहा पौंडांच्या माशाचे कोणाला नवल वाटत नसे. पण कोआरो संपत आले आणि थोड्याच वर्षांत ट्राउट रोडावले. डोके मोठे, अंग चिपाड. शेवटी सरकारलाच जाळी लावून ट्राउट कमी करावे लागले, तेव्हा उरलेले पुन्हा अंग धरू लागले. पुढे १९३० च्या दशकात स्मेल्ट हा बोटभर लांबीचा चंदेरी मासा मुद्दाम आणून सोडला. आज टाउपोचा ट्राउट मुख्यतः त्याच्यावर जगतो. कोआरो हे तिथल्या माओरी लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न होते, ते मात्र गेले ते गेलेच.

आता आमिषाकडे वळू. टाउपोवर गांडूळ, मांसाचा तुकडा असे खरे आमिष लावायला कायद्याने बंदी आहे. धातूचे चकाकते चमचे किंवा पिसे-दोरा बांधून केलेली खोटी 'माशी' एवढेच चालते. नाव माशी असले तरी तिच्यातल्या पुष्कळशा स्मेल्टसारख्या दिसाव्यात अशाच बांधतात. आमिष भारी असून भागत नाही. त्या दिवशी ट्राउट जे खात असेल त्यासारखे ते दिसले पाहिजे, आणि त्याच खोलीवर गेले पाहिजे. आमच्या मते मुलांचे घोडे नेमके याच दुसऱ्या गोष्टीपाशी अडते.

खोली ऋतूप्रमाणे बदलते. (तिथला उन्हाळा आपल्या डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो.) उन्हाळ्याच्या तोंडाशी स्मेल्ट अंडी घालायला वाळूच्या उथळ काठाला येतात आणि त्यांच्या मागोमाग ट्राउटही येतात. तेव्हा पहाटे काठाजवळून होडी अगदी सावकाश चालवत मागे माशी ओढत नेतात. ऊन चढले, वरचे पाणी तापले, की ट्राउट खाली थंड पाण्यात उतरतात. मग शिशाचा गाभा असलेली जड दोरी वापरतात, किंवा जड गोळ्याच्या आधाराने आमिष तीस-चाळीस मीटर खाली नेतात. आणखी एक रीत म्हणजे होडी थांबवून, दोरीला वजन लावून दोन-तीन छोट्या माश्या सरळ खाली सोडायच्या आणि काठी हलकेच वर-खाली करायची. वर बसून आपण नुसता पाण्याचा रंग पाहत राहिलो तर खालचा मासा आपल्याला कधीच भेटणार नाही.

त्यातही थोराड तपकिरी ट्राउट फार सावध असतो. तो बहुधा अंधारात, नदीच्या मुखाशी किंवा खडकाळ तळाशी, गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे प्राणी शोधत फिरतो. म्हणून जाणकार लोक रात्री नदीमुखाशी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात. वाइटाहानुई नदीच्या मुखाशी तर माणसांची अशी रांग लागते की तिला कुंपणाचीच उपमा मिळाली आहे. चिकाटी म्हणतात ती हीच. आमच्याने काही ते होणार नाही.

हिवाळ्यात ट्राउट अंडी घालायला टोंगारिरोसारख्या नद्यांतून वर चढतात. त्या काळात नद्यांच्या वरच्या भागात गळ टाकायला मनाई असते. रोज किती मासे न्यायचे आणि किती लांबीच्या आतला सोडून द्यायचा याचेही नियम आहेत, परवाना तर लागतोच, आणि पकडलेला ट्राउट विकता येत नाही. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्यांतून वर येणारे चढणीचे मासे आपण कौतुकाने पकडतो, तेही अंडी घालायलाच निघालेले असतात. घरी त्यांचे कालवण होते तेव्हा ताटाशी ही गोष्ट काढायची की नाही, ते पालकांनी ठरवावे!

टाउपोवरचा मुरलेला माणूस दिवसातला पहिला मासा हाती आला की त्याचे पोट फाडून आत काय आहे ते पाहतो आणि पुढचे आमिष त्यावरून निवडतो. पुढच्या वेळी हिडकलला जाल तेव्हा घरचे मोठे कोणीतरी बरोबर असू द्या, आणि मासा साफ करताना पोटात काय निघाले, मासा किती वाजता व किती खोल पाण्यात लागला, एवढे वहीत टिपून विज्ञानाच्या तासाला घेऊन या.