चुंबकाने हललेला हात
बदलत्या चुंबकक्षेत्राने जवळच्या तारेत वीज उत्पन्न होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखविले. तारेऐवजी मेंदू असला तर? १९८५ साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी तारेचे वेटोळे डोक्यावर धरून क्षणमात्र जोरदार प्रवाह सोडला. विरुद्ध बाजूचा हात टचकन हलला! (१९८० साली मर्टन व मॉर्टन यांनी हेच थेट विजेने साधले होते, पण तो झटका दुखे.) मेंदूतून हाताच्या स्नायूपर्यंत संदेश सुमारे २० सहस्रांश सेकंदांत पोहोचतो. मौज अशी, की मूठ किंचित आवळलेली असली तर कमी जोरही पुरतो.

अर्धांगवायूच्या रोग्याचा हात हलत नाही. पण वाट शाबूत आहे काय? पहिल्या काही दिवसांत स्नायूने उत्तर दिले, तर आशा बळावते. उत्तर आले नाही म्हणजे सारे संपलेच, असे मात्र नव्हे.