खोक्यातली वाइन

पाण्याने भरलेली बाटली उलटी धरली की पाणी गडगड आवाज करत पडते. जेवढे पाणी बाहेर येते, तेवढी हवा आत शिरते. आता पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून तोंड घट्ट बांधू या आणि तळाशी भोक पाडू या. पाणी निघून जाते तशी पिशवी आक्रसते. हवा आत जात नाही.

वाइनच्या बाबतीत हा फरक मोलाचा आहे. बाटली उघडल्यावर हवेतील ऑक्सिजनमुळे वाइनचा गंध आणि चव बिघडू लागते. ॲसिटोबॅक्टर जीवाणू तर अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात. त्यामुळे उघडलेली बाटली थोड्याच दिवसांत संपवावी लागते.

ऑस्ट्रेलियातील टॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात वाइनची प्लॅस्टिक पिशवी ठेवण्याची पद्धत काढली. पुढे पिशवीला तोटी आली. अशी वाइन उघडल्यावरही सुमारे महिनाभर टिकते. शिवाय ३ लिटरच्या एका खोक्यात ७५० मिलिलिटरच्या ४ बाटल्यांची वाइन मावते आणि काचेचे ओझे वाचते.

तरीही ‘खोक्यातली म्हणजे हलकी’ असा समज आहे, कारण बराच काळ स्वस्त वाइनच खोक्यात भरली जाई. पण दर्जा ठरतो तो द्राक्षांवर आणि ती आंबवण्याच्या कौशल्यावर. मात्र काचेतून ऑक्सिजन जात नाही, प्लॅस्टिकमधून किंचित झिरपतो. म्हणून वर्षानुवर्षे मुरवायची वाइन बाटलीतच ठेवावी लागते. लवकर संपवायची चांगली वाइन मात्र खोक्यात उत्तम राहते.

वेष्टन पारखताना आपण प्रतिष्ठा पाहतो. पाहायला हवे ते काम.