शेतातले भात आणि ताटातला भात

मराठीत शेतात उभे असते तेही भात आणि ताटात वाढतात तोही भात. पहिले नपुंसकलिंगी, दुसरा पुल्लिंगी. पहिल्याची चिंता पिकवणाऱ्याला, दुसऱ्याची खाणाऱ्याला. या दोहोंची गाठ कशी घालावयाची, हाच भातसंशोधनाचा खरा प्रश्न होय.

फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली 'आय.आर. ८' हे वाण प्रसृत केले. त्याचे काड आखूड व ताठ. खत घातले तरी पीक लोळत नसे आणि उत्पन्न भरघोस येई. अन्नटंचाईच्या त्या काळात हे थोडे नव्हे. परंतु त्याच्या दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा भाग असे, भरडताना कणी फार पडे आणि शिजवलेला भात निवला की टणक होई. साहजिकच बाजारात भाव कमी आला. शेतात कमावलेले शेतकऱ्याने बाजारात काही अंशी गमावले.

हा टणकपणा कशाने येतो? तांदळाच्या पिष्टात अमायलोज नावाचा घटक असतो. तो शेकडा २५ हून अधिक असला की भात मोकळा होतो, पण निवल्यावर बहुधा कडक बनतो. २० ते २५ असला तर मऊ राहतो. त्याहून कमी असला तर चिकटतो. जपानी माणसाला चिकट भात रुचतो, आपल्याकडे अनेकांना मोकळा. म्हणून उत्तम तांदूळ कोणता, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही.

हा धडा संशोधकांनी घेतला. त्याच संस्थेचे १९८५ मधील 'आय.आर. ६४' हे वाण मध्यम अमायलोजचे होते, आणि ते आशियाभर पसरले. आपल्याकडे आंबेमोहोर सुगंधी खरा, पण उंच वाढून लोळणारा व उत्पन्नास कमी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 'आंबेमोहोर १५७' चा संकर त्याच 'आय.आर. ८' शी केला आणि १९८७ साली 'इंद्रायणी' आली. ज्याला खाणाऱ्यांनी नावे ठेवली, त्याचेच बळ आंबेमोहोराच्या वासाला मिळाले.

चव हे श्रीमंतांचे चोचले, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. गरम भात तत्काळ खाणाऱ्यास टणकपणा फारसा जाणवत नाही. तो जाणवतो सकाळी रांधून दुपारी बांधावर बसून खाणाऱ्यास. त्याचा घास मऊ राहावा, यासाठी केलेला खर्च वाया गेला असे कोण म्हणेल?