खेड्यातला सर्जन आणि त्याचे काम

खेड्यात जायला डॉक्टर तयार नसतात, हे वाक्य आपण भाषणांतून इतक्या वेळा ऐकतो की त्याची शहानिशा करावी असे कोणाला वाटत नाही. शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे सर्जन मंडळींच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम आकडा पाहू. आपल्याकडे ज्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात, त्याला केंद्र सरकार सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणते. सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ८०,००० लोकसंख्येमागे असे एक केंद्र, तेथे तीस खाटा व शल्यचिकित्सकासह इतर विशेषज्ञ असावेत, असा दंडक आहे. केंद्रीय आरोग्य खात्याच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील ग्रामीण केंद्रांत शल्यचिकित्सकांची तूट ८३.२ टक्के होती. म्हणजे सहा केंद्रांमागे जेमतेम एक सर्जन.

जो एक जातो, त्याचा दिवस कसा असतो? सकाळी हर्निया, दुपारी मोडलेला हात, मध्येच बैलाने शिंग मारलेला शेतकरी, रात्री अडलेली बाळंतीण. शहरात यांच्यासाठी वेगवेगळे तज्ज्ञ असतात. एम.एस.ची तीन वर्षे मोठ्या रुग्णालयात काढलेल्या तरुणाचा सिझेरियनवर वा हाड बसविण्यावर हात बसलेला नसतो, कारण ते काम शेजारच्या विभागाचे. खेड्यात शेजारचा विभागच नसतो.

याहून मोठी अडचण अशी की शस्त्रक्रिया हे एकट्याचे कामच नव्हे. सर्जनची जागा भरली, पण भूलतज्ज्ञाची रिकामी राहिली, तर पहिल्या जागेचा पगार जवळजवळ फुकट जातो. अनेक ग्रामीण सर्जन स्वतःच पाठीच्या कण्यात भुलेचे इंजेक्शन देतात, मग हात धुऊन शस्त्रक्रियेला उभे राहतात आणि रक्तदाबावर लक्ष ठेवायला परिचारिकेला सांगतात. अडलेल्या बाळंतिणींसाठी सरकारने एम.बी.बी.एस. डॉक्टरांना भूल देण्याचे अठरा आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले, ते याच गरजेतून. पण ज्याच्या मदतीला कोणीच नाही, तो काय करील? आलेला रोगी जिल्ह्याला पाठवितो. असे दोन वर्षे केले की शिकलेला हातही विसरू लागतो. मग तो राजीनामा देतो, आणि आपण म्हणतो, डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत!

रक्ताची गोष्टही अशीच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर बंदी आली. एड्स व काविळीचा धोका पाहता ते योग्यच झाले. पण नातेवाइकाचे रक्त तपासून लगेच रोग्याला देण्याची खेड्यातली जुनी वाटही परवान्याच्या नियमांनी बंद केली. निकडीच्या वेळी, तपासणीच्या अटीवर, ही वाट खुली ठेवावी अशी ग्रामीण शल्यचिकित्सकांच्या संघटनेची मागणी आहे. आम्हांला ती रास्त वाटते. रक्तसाठवण केंद्रांची सोय पुढे निघाली खरी. तिलाही अखंड वीज आणि तंत्रज्ञ लागतोच.

अशा टंचाईतही काही नवे घडले, ते आपल्या राज्यात. धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले आणि २००३ मध्ये सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. (औषध लावलेली मच्छरदाणी नव्हे, हे सांगितलेले बरे.) अनेकांनी तेव्हा भुवया उंचावल्या असतील. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची व बाजारी जाळीची तुलना झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात हर्निया पुन्हा होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

वैद्यकीय शाखेतील आपल्या विद्यार्थ्यांसाठी थोडेसे. २०२१ च्या तुकडीपासून पदव्युत्तर शिक्षणात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक झाले आहे. ते दिवस हजेरीपुरते काढू नयेत. भूल कोण देतो, रक्त किती तासांत येते, रात्री दोन वाजता शस्त्रक्रियागृहाची किल्ली कोणाकडे असते, हे तेथे पाहून ठेवावे. पुढे एखाद्या गावी नेमणूक स्वीकारताना पगाराच्या आधी हेच विचारायचे आहे.