काडीवाला माणूस

आमच्या नांदेड-लातूरकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की गणपतीतला मांडव आठवतो. दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि मध्येमध्ये विनोद सांगणारा निवेदक. वादकांसमोर उभं राहून काडी हलवणारा माणूस त्यात नसतो. म्हणून टीव्हीवर झुबिन मेहतांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रश्न पडला होता, हा माणूस करतो तरी काय? वाद्य एकही वाजवत नाही आणि टाळ्या मात्र यालाच!

उत्तर मुशायऱ्यात सापडलं. मुशायऱ्याचा नाजिम कुणाला कधी पुकारायचं, रंग केव्हा चढू द्यायचा, हे ठरवतो. वाद्यवृंदाच्या संचालकाचंही तसंच, फक्त त्याला शंभर जण एकदम सांभाळायचे असतात. उजव्या हाताने तो लय दाखवतो, डाव्याने कुणाला थोपवतो, कुणाला पुढे बोलावतो. खरं काम मात्र आधीच, तालमीत झालेलं असतं.

काडीच्या आधी दांडा होता. फ्रान्समधला संगीतकार लुली जमिनीवर दांडा आपटून लय देत असताना तो त्याच्याच पायावर बसला. जखम चिघळली आणि १६८७ साली तो त्यातच गेला. पुढे वाद्यवृंद मोठे झाले आणि संचालक बादशहा झाला. तोस्कानिनी तर रागाच्या भरात काड्या मोडत असे.

आपल्याकडे हा माणूस हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात होता. पडद्यावर नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे, आणि आपले अनिल मोहिले. संगीतकार पेटीवर चाल देई. तिच्या अवतीभवती व्हायोलिन कुठे, बासरी कुठे, हे संयोजक स्वरलिपीत लिहून काढी आणि ते वादकांकडून वाजवून घेतलं जाई. गायक-वादक सगळे एका दमात. शेवटच्या ओळीला एखादा चुकला तरी गाणं पुन्हा पहिल्यापासून! गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत भारतीय रागांवरच्या रचनांसाठी मोठा वाद्यवृंद उभा केला होता. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या नायकाचं नाव त्यांच्यावरूनच आलं. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य.

मग मल्टिट्रॅक आलं. एकाने सोमवारी वाजवायचं, दुसऱ्याने गुरुवारी. कानाला हेडफोन, त्यात यंत्राची टिकटिक. हात दाखवणाऱ्याची गरज कमी झाली. पुढे कीबोर्ड आणि संगणकाने व्हायोलिनवाल्यांच्या रांगाही उठवल्या. किती घरांच्या चुली त्या रांगांवर पेटत होत्या, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

तिकडेही बादशाही ओसरली. न्यूयॉर्कचा ऑर्फियस वाद्यवृंद १९७२ पासून संचालकाविना वाजवतो. २००७ साली मॅरिन ऑलसॉप बाल्टिमोरच्या प्रमुख झाल्या, अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाचं ते पद एका बाईला प्रथमच मिळालं. २००८ मध्ये डेट्रॉईटला ‘असिमो’ या यंत्रमानवाने काडी हलवली. हात अगदी बरोबर चालले, पण समोरचे वादक काय वाजवताहेत ते काही त्याला कळत नव्हतं.

हे वाचलं आणि आमच्या मोहल्ल्यातले बॅण्डमास्तर आठवले. क्लॅरोनेट वाजवतच ते पुढे चालत. दवाखाना आला, अजान झाली, कुणाच्या दारात मयत असली की त्यांचा हात वर जाई आणि वीस माणसांचा बॅण्ड जागीच गप्प होई. त्यांना कुणी सांगावं लागत नसे. नाचणारी पोरं कुरकुरत, मास्तर ऐकत नसत. हल्ली वरातीत गाडीवरचे भोंगे असतात. परवा एका लग्नात मास्तर पाहुणे म्हणून आले होते. दवाखान्यासमोर आल्यावर सवयीने त्यांचा हात वर गेला. भोंगे वाजतच राहिले. मास्तरांनी हात खाली घेतला, टोपी सारखी केली आणि माझ्यासोबत पुढे चालू लागले.