पाणी कमी, बहर जास्त : बोगनवेलीची ओळख

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या आपल्या भागात बोगनवेल पाहिली नाही असा माणूस सापडणार नाही. रस्त्याच्या दुभाजकात ती, कंपनीच्या कुंपणावर ती. पण घरी लावलेल्या बोगनवेलीविषयी भगिनींची तक्रार ठरलेली : "वेल नुसती माजलीय, फूल एक नाही!" २०१९ च्या नोव्हेंबरपासून महापालिकेने दिवसाआड पाणी सुरू केले. तेव्हा साठवलेल्या पाण्यातले तांब्याभर रोज या वेलीला घालायचे आणि पदरात पडायची पाने. म्हणून तिची नीट ओळख करून घेऊ या.

आपण ज्याला बोगनवेलीचे फूल म्हणतो, ते फूल नव्हेच. कागदासारख्या त्या तीन रंगीत पाकळ्या म्हणजे रंग पालटलेली पाने. आत डोकावा. प्रत्येक पाकळीला चिकटलेली एक बारीक, पांढरट नळी दिसेल. ते खरे फूल. मुलांना एकदा उकलून दाखवा, गंमत वाटेल. आपली गुलबाक्षी आणि रानात पसरणारी पुनर्नवा याच कुळातल्या.

फुलावर नसलेले रोप विकत घेताना मधुमालती आणि बोगनवेल यांत गल्लत होऊ शकते. मधुमालतीची पाने समोरासमोर जोडीने येतात. फुले संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी आणि लाल होतात, वासही गोड. बोगनवेलीची पाने एकाआड एक, आणि पानाच्या बगलेत काटा. या काट्यांच्याच आधाराने ती वर चढते. तिला वेलीसारखे ताणे नसतात, म्हणून भिंतीवर न्यायची तर सुती चिंधीने सैल बांधावी लागते. तारेने बांधू नका, तार खोडात रुतते.

हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. १७६७ साली फ्रेंच जहाजांचा एक ताफा जगप्रवासाला निघालेला असताना कॉमर्सां या वनस्पतितज्ज्ञाने ब्राझीलमध्ये ते गोळा केले आणि ताफ्याचा प्रमुख बूगँव्हिल याचे नाव त्याला मिळाले. कॉमर्सांच्या मदतीला जान बारे नावाची शेतमजुराघरची बाई होती. जहाजावर बायकांना मनाई, म्हणून ती पुरुषाच्या वेषात गेली होती. कॉमर्सांचा पाय दुखावलेला, तेव्हा ही वनस्पती प्रत्यक्ष तिनेच आणली असावी, असे काही अभ्यासक मानतात. पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारी पहिली स्त्री म्हणून आज तिची नोंद आहे. पण तिचे नाव एका वनस्पतीला मिळायला २०१२ साल उजाडले. तीही बोगनवेल नव्हे, बटाट्या-वांग्याच्या कुळातली एक वेल!

आता लागवडीचे. पेन्सिलीएवढ्या जाडीची, पिकलेली, सहा ते आठ इंचांची काडी घ्यावी. तीनचार डोळे असावेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला खालचे दोन डोळे मातीत जातील अशी ती खोचावी, सावलीत ठेवावी आणि फुटेपर्यंत ओल राखावी. रोपाला पैसे घालण्याची गरज नाही, काडी कोणीही देते. मुळे फार नाजूक असतात. रोप मोठ्या कुंडीत हलवताना मातीचा गड्डा फोडू नका.

कुंडी म्हणून रंगाचा रिकामा डबा चालतो, बुडाला चारपाच भोके पाडा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तीत वाळू किंवा बारीक मुरूम आणि थोडे शेणखत मिसळा. मात्र कंपनीतून किंवा भंगारातून आलेला केमिकलचा, कूलंटचा ड्रम घेऊ नका. कितीही धुतला तरी त्यात काय मुरले आहे ते कळत नाही. पिण्याचे पाणी तर अशा ड्रमात मुळीच भरू नये. घरोघर असे निळे ड्रम दिसतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता फुलांचे मर्म. मातीला ओल आणि खत भरपूर मिळाले की हे झाड फांद्या-पानांतच रमते. जरा ताण बसला की बहरते. म्हणून मूळ धरलेल्या झाडाला ऑक्टोबरनंतर रोज पाणी देणे बंद करा. बोट दोन पेरे मातीत घालून पाहा. कोरडे लागले तरच पाणी द्या. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चांगले, साबणाचे नको. युरिया तर अजिबात नको. आणि ऊन! पाचसहा तास थेट ऊन येत नसेल अशा गॅलरीत बोगनवेलीचा नाद सोडावा. पश्चिमेच्या भिंतीवर चढवली तर दुपारचे ऊन थेट भिंतीवर पडत नाही, हा वेगळाच फायदा. विजेच्या तारेकडे मात्र जाऊ देऊ नका.

बहर नव्या फुटीवर येतो. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, बहर ओसरला की, फांद्या निम्म्यावर छाटा. पावसाळ्यात नवी फूट जोमाने येते. छाटलेल्यांतल्या पिकल्या काड्या शेजारणीला लावायला द्या. उरलेल्या बोळात टाकू नका. काटे वाळले की जास्त टणक होतात आणि पोरे अनवाणी खेळत असतात.