‘अ‍ॅक्सेस’ची फाइल सारखी अडकते? डेटा सर्व्हरवर न्या, स्क्रीन तीच ठेवा!

मार्चअखेरची घाई. पतसंस्थेच्या काउंटरवर तिघे जण एकाच वेळी पावत्या नोंदवताहेत. अचानक स्क्रीनवर संदेश येतो, ‘फाइल उघडता येत नाही’. कालचा बॅकअप आहे, पण आज सकाळपासूनच्या पावत्यांचं काय?

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवर हिशेब ठेवणाऱ्या अनेक छोट्या ऑफिसांना हा अनुभव कधी ना कधी येतो. त्यावर उपाय आहे आणि त्यासाठी प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही.

नेमकं बिघडतं काय?
अ‍ॅक्सेस 1992 मध्ये बाजारात आलं. त्यात सगळा डेटा एकाच फाइलमध्ये राहतो. ही फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली की प्रत्येक कम्प्युटर थेट तिच्यात लिहितो. लिहिता लिहिता वाय-फाय तुटलं तर फाइल अर्धवट राहून खराब होऊ शकते. शिवाय एका फाइलची कमाल मर्यादा 2 जीबी आहे.

सर्व्हरने फरक काय पडतो?
बँकेत आपण थेट तिजोरीत हात घालत नाही. खिडकीवर स्लिप देतो, आतला कॅशियर पैसे काढून देतो. डेटाबेस सर्व्हर म्हणजे हा कॅशियर. कम्प्युटर फक्त मागणी पाठवतो, लिहिण्याचं काम सर्व्हर करतो. मध्येच कनेक्शन गेलं तर अर्धवट राहिलेली नोंद तो रद्द करतो. बाकी डेटा शाबूत राहतो. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल हे पर्याय मोफत मिळतात.

मधला दुभाषा
अ‍ॅक्सेस आणि सर्व्हर यांची भाषा जुळवतो तो ‘ओडीबीसी ड्रायव्हर’. तो प्रत्येक कम्प्युटरवर इन्स्टॉल करावा लागतो. ऑफिस 32 बिट असेल तर ड्रायव्हरही 32 बिट, ऑफिस 64 बिट असेल तर तोही 64 बिट हवा. जोडणी फसण्याचं हे नेहमीचं कारण! आपलं ऑफिस कोणतं, हे ‘फाइल – अकाउंट – अबाउट अ‍ॅक्सेस’मध्ये दिसतं.

जोडणी कशी कराल?
1. मूळ फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या.
2. डेटा सर्व्हरवर हलवा. एसक्यूएल सर्व्हरसाठी मायक्रोसॉफ्टचं ‘एसएसएमए’ हे टूल मोफत आहे. हा टप्पा जाणकाराला सोबत घेऊन करा.
3. अ‍ॅक्सेसमध्ये ‘एक्स्टर्नल डेटा – न्यू डेटा सोर्स – फ्रॉम अदर सोर्सेस – ओडीबीसी डेटाबेस’ इथे जा.
4. दोन पर्याय दिसतील. ‘इम्पोर्ट’ नको, ‘लिंक’ निवडा. इम्पोर्टने फक्त कॉपी येते, पुढचे बदल सर्व्हरवर जात नाहीत.
5. सर्व्हरचं नाव, युजरनेम, पासवर्ड द्या आणि हवे ते टेबल निवडा.

टेबलच्या नावाशेजारी पृथ्वीगोलाचं चिन्ह दिसलं की जोडणी झाली. नव्या टेबलांना जुनीच नावं दिली तर बहुतेक फॉर्म आणि रिपोर्ट पूर्वीसारखे चालतात.

नोंद बदलत नाही?
लिंक केलेलं टेबल दिसतं, पण त्यात काही लिहिता येत नसेल तर त्या टेबलला ‘प्रायमरी की’ आहे का, ते बघा. खाते क्रमांकासारखी प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख नसेल, तर अ‍ॅक्सेस ते टेबल फक्त वाचायला देतं.

इथे सांभाळा
लिंक डिलीट केली तर फक्त जोडणी जाते. पण लिंक टेबलमधली नोंद डिलीट केली तर ती सर्व्हरवरूनच जाते, म्हणजे सगळ्यांची!

‘सेव्ह पासवर्ड’वर टिक करू नका; तो फाइलमध्ये जसाच्या तसा राहतो. प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळं लॉगिन आणि गरजेपुरतेच अधिकार द्या. घरून काम करायचं असेल तर सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, व्हीपीएन वापरा.

आणि हो, सर्व्हर आला म्हणून बॅकअपची सुट्टी नाही. रोजचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि महिन्यातून एकदा तो खरंच उघडतो का, हे तपासा. बॅकअप चालत नाही, हे मार्चअखेरीला कळून उपयोग नाही.